प्रसूतीचा निर्णय आणि घरातील वडीलधारी माणसे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत मी काही बोलावे असा आग्रह विश्वस्तांनी धरला, तेव्हा मी सुचविलेला विषय ऐकून एक-दोघांच्या भुवया उंचावल्या. ते साहजिकच होते. मी लालबागेत कापडाचा व्यापार करणारा, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला एक साधा दुकानदार. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधांच्या बिलापुरता. त्यातून साठी उलटलेल्या पुरुषाने माता-भगिनींसमोर प्रसूतीविषयी बोलावे, हे आपल्या रीतीरिवाजात सहजी बसणारे नाही. परंतु मी जे निवेदन करणार आहे, ते प्रसूतिगृहाच्या आतल्या खोलीविषयी थोडे आणि बाहेरच्या बाकावर बसून आतले निर्णय घेणाऱ्या आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांविषयी अधिक आहे. त्या बाकावर मी तीन वेळा बसलो. दोन वेळा माझी चूक झाली, तिसऱ्या वेळी मी गप्प राहिलो. माझा अधिकार असेल तर तो एवढाच.

आमचे घराणे मूळचे जुन्नर तालुक्यातले. आजोबा धंद्यानिमित्त मुंबईस आले आणि घोडपदेवच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी संसार मांडला. आजोबांची धाकटी बहीण गावीच दिली होती. तिच्या पहिल्या बाळंतपणात मूल आडवे आले. दोन दिवस ती कळा देत होती. सुईणीने जे जे ठाऊक होते ते सर्व केले. अखेर बैलगाडीतून तालुक्याला नेण्याची तयारी झाली, पण गाडी निघण्यापूर्वीच माय आणि लेकरू दोघेही गेली. माझी आजी ही हकीकत सांगताना आवाज खाली आणीत असे. ‘अडलेली बाळंतीण’ हा शब्द आपण आज सहज उच्चारतो. आजीच्या पिढीतील बायकांच्या अंगावर त्या शब्दाने काटा येई.

माझा स्वतःचा जन्म १९६० सालचा, परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहातला. येथे बसलेल्या माझ्या वयाच्या अनेकांचे जन्मस्थानही तेच असेल. गिरणगावातील कष्टकरी स्त्रियांना सुरक्षित बाळंतपण लाभावे म्हणून वाडिया कुटुंबाने उभारलेले हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. जवळच असलेले के. ई. एम. रुग्णालयही त्याच वर्षी उघडले. योगायोग असा की, ग्लासगोचे डॉक्टर मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन मूल बाहेर काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला, तोही १९२६ सालीच. त्यापूर्वी छेद वरच्या जाड भागावर उभा घेतला जाई. त्यातून रक्तस्राव फार होई, आणि पुढील गरोदरपणात तो व्रण उसवण्याची भीती राही. आज जगभर बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रिया खालच्या आडव्या छेदानेच होतात. पुढे तीनच वर्षांनी, १९२९ साली, मुंबई प्रांतात कारखान्यातील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. सांगण्याचा हेतू हा की, बाळंतिणीचा जीव हा सबंध समाजाचा विषय आहे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

तेव्हा प्रथमच स्पष्ट करतो, सिझेरियन ही शस्त्रक्रिया मी वरदान मानतो. मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, नाळ बाळाच्या आधी खाली घसरली असेल, कळा असूनही वाट अडली असेल अथवा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावत असतील, तर कात्रीवाचून गत्यंतर नसते. (आमच्या धंद्यातला वार निराळा, येथे मी नाळेच्या दुसऱ्या टोकाच्या वारेविषयी बोलतो आहे!) बाळ पायाळू असेल तर ठरवून केलेले सिझेरियन बाळासाठी अधिक सुरक्षित असते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील दोन हजारांहून अधिक मातांच्या अभ्यासात दिसून आले. माझ्या आजोबांच्या बहिणीस ही शस्त्रक्रिया मिळाली असती तर ती वाचली असती. ज्या स्त्रीला ती हवी तिला ती वेळेवर न मिळणे, हे आजही आपल्या देशातील अनेक खेड्यांचे दुर्दैव आहे. आपल्या मुंबईकरांचा प्रश्न बरोबर उलट्या बाजूचा आहे, आणि त्याची सुरुवात मी माझ्याच घरापासून करतो.

२०१५ साली माझ्या थोरल्या सूनबाईंना दिवस गेले होते. प्रकृती उत्तम, बाळ उत्तम, तपासण्या उत्तम. डॉक्टरांनी दिलेली तारीख मात्र नेमकी दिवाळीच्या आठवड्यातली आली. आपणांपैकी जे व्यापारी आहेत त्यांना दसरा ते दिवाळी या काळातील कापडाच्या दुकानाची अवस्था सांगावयास नको. चोपडीपूजनाच्या दिवशी घरातील कर्ता मुलगा प्रसूतिगृहात असणार, या विचाराने मी अस्वस्थ झालो. त्याच सुमारास एका परिचित ज्योतिष्यांनी पंचांग पाहून ऑक्टोबरमधील एक दिवस फार उत्तम असल्याचे सांगितले. मी डॉक्टरांकडे गेलो आणि विचारले, “त्या दिवशी सिझर करता येईल का?” डॉक्टरांनी दिवस मोजले, सदतीस आठवडे नुकतेच पूर्ण होत होते. ते म्हणाले, “करता येईल.” मी आनंदाने घरी आलो. मला वाटले, एका दगडात दोन पक्षी मारले, मुहूर्तही साधला आणि सीझनही सांभाळला.

नात झाली. पेढे वाटले गेले. परंतु जन्मल्यापासून तासाभरातच तिला धाप लागू लागली. तिच्या फुप्फुसांतील पाणी पुरते ओसरले नव्हते. चार दिवस ती काचेच्या पेटीत, नळ्या लावलेल्या अवस्थेत होती, आणि तिची आई वरच्या मजल्यावर टाके घेऊन पडून होती. चौथ्या दिवशी बाळ आईजवळ आले. ईश्वरकृपेने आज ती मुलगी शाळेत पहिल्या तिघींत असते. तथापि त्या आठवड्यात एके सायंकाळी मी सूनबाईंना भेटावयास गेलो असता त्या एवढेच म्हणाल्या, “पप्पा, मुहूर्त सगळ्यांनी बघितला. मला कुणी विचारलं नाही.”

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतर मी वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो. त्यातून कळले ते असे. सदतीस आठवडे म्हणजे दिवस भरले असे आपण म्हणतो, पण बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने अखेरचे दोन आठवडे फार मोलाचे असतात. म्हणूनच वैद्यकीय कारण नसताना ठरवून करावयाचे सिझेरियन एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असे आज सर्वत्र सांगितले जाते. नैसर्गिक कळांमध्ये बाळाच्या शरीरात असे बदल घडतात की, त्याची फुप्फुसे पहिल्या श्वासासाठी सिद्ध होतात. मुहूर्तावर काढलेल्या बाळाला ती तयारी मिळतेच असे नाही. कापडाच्या दुकानात नोकर नवा लागला की आम्ही त्याला पहिला धडा हाच देतो, माप पुन्हा घे आणि मगच कात्री लाव, कारण कापलेला तुकडा पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. चाळीस वर्षे हा धडा इतरांना देणाऱ्या मी स्वतःच्या नातीच्या बाबतीत माप न घेता कात्री लावावयास सांगितली होती.

त्या छेदाचा परिणाम त्या दिवसापुरता राहत नाही, हेही तेव्हाच समजले. आईचे रक्त अधिक जाते, जंतुसंसर्गाची आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, उठण्याबसण्यास वेळ लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील गरोदरपणी वार जुन्या व्रणावर घट्ट रुजण्याचा धोका असतो. ज्या स्त्रियांची वार तोंडाशी आलेली असते, त्यांच्यात पहिल्या सिझेरियनच्या वेळी अशी रुजलेली वार शंभरात सुमारे ३ जणींत आढळली, दुसऱ्या वेळी ११ जणींत आणि तिसऱ्या वेळी ४० जणींत, असे २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात नमूद आहे. अशा वेळी रक्तस्राव आवरण्यासाठी गर्भाशयच काढावे लागण्याची पाळी येऊ शकते. पहिल्या बाळंतपणाचा निर्णय हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बाळंतपणाचाही निर्णय असतो, ही गोष्ट आम्हा वडीलधाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

आता थोडे आकडे. वाणिज्य शाखेच्या माणसाला आकड्यांशिवाय राहवत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली आपल्या देशात शंभर प्रसूतींपैकी ८.५ सिझेरियनने होत. २०१५-१६ साली हे प्रमाण १७.२ झाले आणि २०१९-२१ च्या पाहणीत २१.५. महाराष्ट्रात ते याच पाच वर्षांत २०.१ वरून २५.४ वर गेले. त्याहून बोलका आकडा पुढेच आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ होते. म्हणजे खासगी रुग्णालयात जवळजवळ दर दुसरे बाळ शस्त्रक्रियेने जन्मास येत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, लोकसंख्येचा एकत्रित विचार करता हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानंतर माता व अर्भकांचे मृत्यू त्यामुळे आणखी घटल्याचे दिसत नाही. त्याच निवेदनात संघटनेने दुसरी बाजूही मांडली. ठरावीक टक्केवारी गाठण्याच्या मागे न लागता, ज्या स्त्रीला गरज आहे तिला ही शस्त्रक्रिया मिळावी यासाठी झटावे, असे तिचे म्हणणे आहे.

हा फरक का पडतो? आम्ही व्यापारी आहोत. ज्या मालात नफा अधिक, तो ताग्याचा गठ्ठा ग्राहकापुढे आधी उलगडला जातो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. शस्त्रक्रियेचे बिल मोठे आणि वेळ थोडा, तर नैसर्गिक प्रसूतीत डॉक्टरांची अख्खी रात्र जाते आणि बिल लहान. तथापि सर्व दोष डॉक्टरांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. छोट्या प्रसूतिगृहात एकच डॉक्टर असतो, रात्री भूल देणारा तज्ज्ञ मिळण्याची खात्री नसते, काही विपरीत घडले तर नातेवाईक अंगावर धावून जातात आणि प्रकरण न्यायालयात जाते. मातांचे वय वाढले आहे, पहिले सिझेरियन झालेल्या मातांची संख्या वाढली आहे. आणि माझ्यासारखे पंचांग घेऊन जाणारे सासरेही वाढले आहेत! २०१७ साली मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, अशी मागणी करणारी याचिका चालविली आणि तिला लाखावर लोकांचा पाठिंबा मिळाला. त्यानंतर केंद्र सरकारने आपल्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना हे प्रमाण फलकावर लावण्यास सांगितले. ग्राहकाने भाव विचारला की दुकानदार सावध होतो, हा आपला रोजचा अनुभव आहेच.

आपणांस वाटेल, या अनुभवानंतर हा गृहस्थ शहाणा झाला असेल. मी शहाणा झालो नाही, मी हट्टी झालो.

२०१७ च्या पावसाळ्यात माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, घोडपदेवला आली. माझ्या मनाने पक्के घेतले होते की, काही झाले तरी या वेळी कात्री लागू द्यायची नाही. भेटेल त्याला मी सिझेरियनचे तोटे ऐकवीत असे. तिच्या सासरीही “आमच्या घरात आजवर कुणाचं सिझर झालेलं नाही” असे अभिमानाने सांगितले जाई. एका रात्री कळा सुरू झाल्या. आम्ही रुग्णालयात गेलो, हे पहिल्याहून निराळे आणि मोठे रुग्णालय होते. सकाळपर्यंत सर्व ठीक होते. दहाच्या सुमारास डॉक्टर बाहेर आल्या. बाळाने पोटातच शी केली होती आणि त्याच्या हृदयाचे ठोके प्रत्येक कळेबरोबर खाली जात होते. त्या म्हणाल्या, “आता वाट पाहणे योग्य नाही.”

आणि मी, ज्याने दोन वर्षांपूर्वी काही कारण नसताना घाई केली होती, तो मी म्हणालो, “डॉक्टर, अजून अर्धा तास थांबू या. तिच्या सासरी फोन करतो.” फोनवरूनही तेच उत्तर आले, “थोडं थांबा, होईल नॉर्मल.” आम्ही सर्व त्या बाकाभोवती उभे राहून चर्चा करीत होतो. तेवढ्यात परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, “तुमच्या मुलीनं सही केली आहे. आम्ही तिला घेऊन चाललो आहोत.” आतमध्ये डॉक्टरांनी तिला सर्व समजावून सांगितले होते आणि कळांच्या त्या अवस्थेत तिने स्वतः कागद मागवून घेतला होता. वीस मिनिटांनी नातू जन्मला. रडायला त्याने थोडा वेळ घेतला, पण रडला. डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “शहा ना शहाणपण, काका, तिनं तुमचं ऐकलं नाही हे बरं झालं.”

येथे मला पर्युषणातील एका प्रसंगाचे स्मरण होते. कल्पसूत्राच्या वाचनात आपण दरवर्षी ऐकतो की, मातेस क्लेश होऊ नयेत म्हणून प्रभू गर्भात निश्चल राहिले, तेव्हा त्रिशलामाता शोकाकुल झाली, आणि गर्भाने किंचित हालचाल करताच ती हर्षित झाली. श्रद्धेच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधू-साध्वी भगवंत सांगतातच. मला त्यातून एक व्यवहाराची गोष्टही दिसते. बाळाची हालचाल मंदावली आहे, हे सर्वांच्या आधी आईला कळते. आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते की, अखेरच्या महिन्यांत हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सूनबाईंनी असे म्हटले तर “गॅस झाला असेल, झोप जरा” असे कृपा करून कोणी म्हणू नये. तिचे ऐकणे, हाच पहिला उपचार होय.

सहीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडे समज असा आहे की, ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याने अथवा सासऱ्याने सही करावयाची असते. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती स्वतः रुग्णाकडूनच घेतली पाहिजे. त्या प्रकरणी प्रत्यक्ष आईने दिलेली संमतीही न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. शस्त्रक्रिया काय आहे, तिचे धोके कोणते, तिला पर्याय कोणता, हे सांगून मगच संमती घ्यावी असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे माझ्या कन्येने जे केले ते मर्यादाभंग नव्हे, तो तिचा अधिकारच होता. मर्यादा सोडली होती ती मी.

आता तिसरी वेळ. २०१९ साली थोरल्या सूनबाईंना पुन्हा दिवस गेले. या खेपेस डॉक्टरांनी मुलाला आणि सूनबाईंना सातव्या महिन्यातच समोर बसवून सर्व समजावून दिले. एक आडव्या छेदाचे सिझेरियन झालेल्या मातेने दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर शंभरांपैकी सुमारे ७२ ते ७५ जणींना यश येते. जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एक असतो, म्हणून शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय चोवीस तास असलेल्या ठिकाणीच तो प्रयत्न करावा. ठरवून पुन्हा सिझेरियन केल्यास तो धोका बहुतांशी टळतो, मात्र शस्त्रक्रियेचे धोके येतात आणि पुढच्या गरोदरपणाची जोखीम वाढते. दोन्ही मार्ग मोकळे होते. सूनबाईंनी पंधरा दिवस विचार केला.

खरे सांगतो, त्या नैसर्गिक मार्गच निवडतील अशी माझी खात्री होती, आणि मनातून तशी इच्छाही होती. एके रात्री जेवणानंतर त्यांनी सांगितले, “मी सिझर ठरवलंय. एकोणचाळीस आठवडे झाल्यावर. मागच्या वेळी बाळ चार दिवसांनी माझ्याकडे आलं. या वेळी मला ते पहिल्या तासात जवळ हवं आहे, आणि ती भीती घेऊन कळा द्यायची माझी तयारी नाही.” माझ्या पत्नीने चमकून माझ्याकडे पाहिले. माझ्या जिभेवर सर्व टक्केवारी तयार होती. पण मला तो बाक आठवला. मी म्हणालो, “डॉक्टरांनी सगळं सांगितलंय ना? मग झालं. तू तारीख सांग, दुकानाचं मी बघतो.”

बाळ जन्मले आणि शस्त्रक्रियागृहातच आईच्या छातीशी दिले गेले. कमरेत इंजेक्शन दिल्याने आई पूर्ण जागी होती. त्या दिवशी पंचांगात काय होते, ते मी आजतागायत उघडून पाहिलेले नाही.

एकाच स्त्रीचे दोन वेळा सिझेरियन झाले. कागदोपत्री दोन्ही शस्त्रक्रिया सारख्याच. परंतु पहिल्या वेळी ते माझ्या सोयीने झाले आणि दुसऱ्या वेळी तिच्या निर्णयाने, सर्व माहिती घेऊन, बाळाचे दिवस पूर्ण भरल्यावर. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही २०११ सालापासून असेच म्हटले आहे की, चर्चा आणि आधार दिल्यानंतरही स्त्रीची इच्छा सिझेरियनचीच असेल तर ती मान्य करावी. माझे मत विचाराल तर, सर्व काही सुरळीत असताना निसर्गाला त्याचे काम करू द्यावे हेच पहिल्या बाळंतपणी हिताचे. पण ते मत आहे, आणि मताचे स्थान सल्ल्यापुरते असते.

मग आपण वडीलधाऱ्यांनी काय करावे? आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सातव्या महिन्यातच करावे, कळा सुरू झाल्यावर नव्हे. रुग्णालय निवडताना मुलाला आणि सुनेला प्रश्न विचारण्यास प्रोत्साहन द्यावे. तुमच्याकडे पहिलटकरणींपैकी शंभरात किती जणींचे सिझेरियन होते? रात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळतात का? रक्ताची सोय किती दूर आहे? कळा कमी व्हाव्यात यासाठी एपिड्युरल नावाचे इंजेक्शन उपलब्ध आहे का? कळांच्या वेळी तिच्याजवळ तिच्या पसंतीचे माणूस बसू शकेल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक मानू नये. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते असे अभ्यासांतून दिसले आहे, आणि सरकारी रुग्णालयांतही अशी सोबत देण्यास केंद्र सरकारने २०१६ सालीच परवानगी दिली आहे. ठरवून सिझेरियन करावयाचे सुचविले गेले तर आणखी तीन प्रश्न विचारावेत. कारण नेमके कोणते? थांबलो तर काय होईल? आठवडे किती पूर्ण झाले? डॉक्टरांनी “आता लगेच” म्हटले, तर मात्र प्रश्न विचारीत बसू नये.

पैशाची चिंता आपण करावी, तिला करू देऊ नये. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी सेवेला कमी लेखू नये. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थांत नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही मोफत करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशाचा आकडा ९७ होता. त्यामागे अशा रुग्णालयांतील असंख्य डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे रात्रीचे जागरण आहे.

शेवटी एक छोटी विनंती. बाळ झाल्याचा फोन आला की आपल्या समाजात पहिला प्रश्न असतो, “मुलगा की मुलगी?” आणि दुसरा, “नॉर्मल की सिझर?” सिझर म्हटले की पलीकडून एक “अरेरे” येतो. माझ्या कन्येने तो “अरेरे” महिनाभर ऐकला. जिने स्वतः सही करून आपल्या मुलाचा जीव वाचविला, तिच्या वाट्याला काहीतरी उणे राहिल्याची भावना आपण घातली. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा आपण एवढेच विचारू या, “आई कशी आहे?” बाकीचे सारे तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, वैद्यकीय मंडळींना अथवा कोणासही दुखावणारा शब्द गेला असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.